न उघडलेल्या डब्याची चोरी

नोकरीच्या काळात हाताखालून गेलेली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळली आहेत. कोणत्या चोरीतला मुद्देमाल कुठे सापडला, हे जुन्या सहकाऱ्यांनी आठवण करून दिल्याशिवाय मला सांगता येत नाही. भूगावच्या फ्लॅटमधले हे प्रकरण मात्र वेगळे राहिले आहे. त्यात रक्त नव्हते, टोळी नव्हती, वर्तमानपत्रात त्याच्या चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. तरी आठवण निघाली की त्यातली माणसे जशीच्या तशी समोर येतात. कोणाचेही नाव मी इथे देणार नाही. त्यांचे संसार अजून चालू आहेत.

साल दोन हजार सहा-सातच्या आसपासचे असेल. मी मुळशी तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. आमच्या हद्दीचे दोन भाग पडत चालले होते. चांदणी चौकाच्या बाजूला इमारती वर येत होत्या आणि आयटी कंपन्यांत काम करणारी तरुण मंडळी तिथे राहायला येत होती. घाटाच्या बाजूला मात्र भातशेती, जत्रा आणि बांधावरची भांडणे होती तशीच होती. सकाळच्या हजेरीला मी अंमलदारांना कामे वाटून देत असे. एका पथकाला बिल्डरच्या साइटवरच्या सळईचोरीचा तपास आणि दुसऱ्याला बांध कोरल्याची तक्रार, असे ते वाटप असायचे.

दिवाळी होऊन गेली होती. एका संध्याकाळी दोन तरुण ठाण्यात आले. एकाची मान खाली होती. दुसरा तावातावाने बोलत होता. ठाणे अंमलदाराने त्यांना माझ्याकडे पाठवले, कारण चोरीला गेलेली वस्तू काय आहे हेच त्याला समजेना.

मान खाली घातलेला तरुण हा फिर्यादी. मूळचा अमरावतीकडचा, हिंजवडीच्या एका कंपनीत इंजिनिअर, लग्नाला वर्ष झालेले. बायको पुण्यात एका कार्यालयात नोकरी करत होती. भूगावमध्ये एका शेतकरी कुटुंबाच्या इमारतीत दोघे भाड्याने राहत होते. दुसरा तरुण त्याचा कंपनीतला मित्र.

"काय गेलंय?" मी विचारले.

"ग्राफिक्स कार्ड," मित्र म्हणाला.

"पत्त्यांचं?"

तो हसला नाही. त्याने मला समजावून सांगितले, आणि बरे समजावले. कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरची चित्रे तयार करणारा एक वेगळा भाग असतो. साध्या कामाला साधा पुरतो. पण हल्लीचे खेळ खेळायचे तर भारी कार्ड लागते. हे कार्ड या मित्राच्या बहिणीने परदेशातून येताना आणले होते. त्या वेळी ते आपल्याकडे दुकानात मिळतच नव्हते. या मित्रांची एक टीम होती आणि पुण्यात होणाऱ्या एका स्पर्धेत ती उतरणार होती. कार्ड कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून दाखवायचे, ज्याचे सर्वांत वेगाने चालेल तो जिंकला, अशी ती स्पर्धा. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हेही मला त्याच संध्याकाळी कळले.

"म्हणजे ट्रकचा वेग आवरणारा गव्हर्नर काढून पळवतात, तसं?" मी विचारले.

"अगदी तसंच साहेब. फक्त इथं थंड ठेवता आलं पाहिजे. नाहीतर जळतं."

कार्ड फिर्यादीच्या घरी ठेवलेले होते, कारण ते त्यानेच निवडले होते. मित्राला दुसरे एक कार्ड हवे होते. ते कमी तापणारे आणि कमी वीज खाणारे होते. फिर्यादीने महिनोन्‌महिने इंटरनेटवर दोन्ही कार्डांच्या चाचण्या वाचल्या, सगळ्यांशी वाद घातला आणि हेच आणायचे असे ठरवून घेतले. डबा मात्र शनिवारी सगळ्यांनी मिळून उघडायचा, तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असा शब्द झाला होता. फिर्यादीने जबाबात सांगितले की सीलबंद डबा कपाटात होता. आज दोघे नवरा-बायको कामाला गेले असताना तो नाहीसा झाला.

एवढ्या वेळात फिर्यादी स्वतःहून फारसे बोलला नव्हता. विचारले की तुटक उत्तर द्यायचा. ज्याचे घर फुटते तो माणूस बहुधा जास्त बोलतो. कडी कशी होती, शेजारी कोण आले होते, सगळे सांगत सुटतो. पण काही माणसे धक्क्याने गप्पही होतात, म्हणून मी त्याला फार महत्त्व दिले नाही.

"कुलूप तुटलंय?"

"नाही."

"दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

फिर्यादीने मित्राकडे पाहिले. मित्रानेच उत्तर दिले. "घरमालकाकडे असते साहेब. आज त्यांचा मुलगा नळ दुरुस्त करायला येऊन गेला. वहिनींनीच त्याला सांगितलं होतं." मग तो फिर्यादीकडे वळला. "खरंय ना रे?"

फिर्यादीने मान हलवली.

भारतीय दंड विधान कलम ४५४ आणि ३८० प्रमाणे घरफोडी आणि चोरीचा गुन्हा दाखल झाला. आम्ही जाऊन पंचनामा केला. कपाटावर मिळालेले ठसे घरातल्या दोघांचेच निघाले. घर नीटनेटके होते, दागिने आणि इतर चीजवस्तू जागच्या जागी होत्या. नेमकी वस्तू माहीत असणाऱ्याचे हे काम, असा कोणीही निष्कर्ष काढला असता. आम्हीही तोच काढला.

दुसऱ्या दिवशी खबर आली. गुन्हे शोधून काढणाऱ्या आमच्या डीबी पथकात एक जुने हवालदार होते. भूगावच्या नाक्यावरचा एक चिकनवाला त्यांचा खबरी. त्याने सांगितले की चोरीच्या दिवशी दुपारी घरमालकाचा मुलगा मोटारसायकलच्या टाकीवर एक पुठ्ठ्याचे खोके घेऊन निघाला. खोके पिशवीत गुंडाळलेले होते. नाक्यावरच्या पोरांनी काय आहे म्हणून विचारले, तर तो चिडला. गाडी पुण्याकडे गेली नाही, घाटाकडे गेली. परत आला तेव्हा खोके नव्हते.

मी त्याला चौकशीसाठी बोलावून घेतले. जीप त्याच्या दारात उभी राहिली तेव्हा सकाळ होती आणि अर्धी आळी रस्त्यावर होती. ठाण्यात आणणे म्हणजे अटक नव्हे, हे कायदा जाणतो. आळी जाणत नाही.

मुलगा पंचविशीतला, दणकट, पांढरा शर्ट. जमीन बिल्डरला दिल्यावर बापाने इमारत बांधली, आणि भाडेकरूंचे पाणी, मोटार, दिवे हे सगळे हा बघायचा. जवळच्या रिहे गावातल्या एका मुलीशी त्याची सोयरीक जमली होती, सुपारी फुटली होती, लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच तारखांना धरले होते.

"त्या दिवशी वरच्या फ्लॅटमध्ये गेला होतास?"

"गेलो व्हतो की. सकाळच्याला. नळाचा वायसर बदलला अन् खाली आलो. कपाटाला हातबी लावला न्हाई."

"दुपारी खोकं घेऊन कुठं गेला होतास?"

इथवर तो माझ्या डोळ्यांत बघून बोलत होता. आता त्याने भिंतीकडे पाहिले.

"त्ये न्हाई सांगायचं मला."

"खोक्यात काय होतं?"

"चोरीचं न्हवतं. यवढंच सांगतो."

"मग काय होतं ते सांग आणि घरी जा."

"न्हाई साहेब."

हवालदारांनी त्याला समजावून पाहिले, दरडावून पाहिले. मी एकट्याने बसून विचारले. चहा दिला. तो चहाला नको म्हणाला नाही, पण उत्तर तेच. निर्दोष माणूस आधी हुज्जत घालतो, मग रडकुंडीला येतो आणि शेवटी सगळे सांगून टाकतो, असा आमचा रोजचा अनुभव. हा यातले काहीच करत नव्हता. हवालदार बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, ह्योच हाय. खोकं कुणाकडं तरी ठेवलंय, त्याला वाचवतोय."

बाहेर बाकावर त्याचा बाप बसला होता. धोतर, टोपी, पायांत जाडजूड वहाणा. मी बाहेर आलो तसा तो उभा राहिला.

"साहेब, माझ्या पोरानं न्हाई केलं ह्ये. त्या भाडेकरूलाच इचारा. आमी कवा तरास दिलाय का त्यास्नी? त्येची बायकू आजारी पडली तवा माझ्या पोरानं गाडीवर दवाखान्यात न्हेली."

"बाबा, तो कुठं गेला होता तेवढं सांगायला सांगा त्याला."

"मलाबी सांगंना ओ." म्हातारा खाली बसला. "सकाळपास्नं रिह्याहून दोन निरोप आलं. पाव्हनं म्हंत्यात, तारीख पुढं ढकलू. ढकलू म्हंजी काय, त्ये समजतंय मला."

संध्याकाळी मी मुलाला घरी सोडले, दुसऱ्या दिवशी हजर राहण्याची समज देऊन. अटक करण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता. मित्राला हे पटले नाही. त्याचा फोन आला, आवाज चढलेला. फिर्यादीचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी चालू असतानाच दोन बायका आवारात शिरल्या. एक पन्नाशीची, नऊवारीतली, पुढे. मागे विशीतली मुलगी, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. थोरलीने सरळ विचारले, "मोठं साहेब कोन?"

मी त्यांना आत बसवले आणि महिला शिपायाला बोलावले. थोरली बाई मुलीची आत्या होती. ही तीच मुलगी, जिच्याशी घरमालकाच्या मुलाचे लग्न ठरले होते.

"सांग," आत्या म्हणाली.

मुलीने पदर आणखी ओढून घेतला. पण एकदा सुरू झाल्यावर ती थांबली नाही. "साहेब, त्ये त्या दिशी माझ्यासंगं व्हते. मी शिवणाच्या क्लासला म्हणून घरातनं निघाले अन् त्यांच्या गाडीवर बसले. ताम्हिणीच्या वाटंला एक ढाबा हाय, तितं गेलो. खोक्यात चपला व्हत्या. लग्नात घालायच्या. उंच टाचेच्या. माप बरूबर येतंय का बघायला आनल्या व्हत्या त्यांनी. आता माझ्याकडं हायेत, घरात लपवून ठेवल्यात."

"हे त्यानं का नाही सांगितलं?"

"मीच शपथ घातली व्हती, कुनाला सांगू नका म्हणून. लग्नाआदी आसं फिरलेलं आमच्या घरात कळलं तर..." तिने वाक्य सोडून दिले.

आत्या मध्ये पडली. "काल राती माझ्याजवळ येऊन रडली. म्हनलं, चल. तुज्या बापाचं मी बघती. लगीन मोडलं तर मोडू दे, पन त्यो पोरगा तुज्यापायी चोर ठरतुया, ह्ये न्हाई चालायचं."

मी एका शिपायाला ढाब्यावर पाठवले. ढाबेवाल्याला जोडी चांगली लक्षात होती. "व्हय, बसली व्हती हितं. भजी मागवली अन् खाल्लीच न्हाईत. नुसती बोलत बसली. तिनं चपला घालून दोन फेऱ्या मारल्या."

काटेकोर पाहिले तर या जबाबाने मुलगा निर्दोष ठरत नव्हता. सकाळी तो फ्लॅटमध्ये गेला होताच. पण आमचा सगळा संशय त्या खोक्यावर उभा होता, आणि खोक्यात चपला निघाल्या होत्या. तपास पुन्हा फ्लॅटपाशी आला. मी ठरवले की या वेळी कोण आत आले हे विचारायचे नाही. त्या घरात त्या दोन दिवसांत काय काय झाले, तेवढे विचारायचे.

फिर्यादीची बायको घरी एकटी होती. बरोबर महिला शिपाई होती. बाई समंजस वाटली, आणि थकलेलीही.

"चोरीच्या आदल्या दिवशी काही वेगळं घडलं?"

"आदल्या दिवशी? नाही. ते घरीच होते, बरं नव्हतं म्हणून रजा घेतली होती. मी संध्याकाळी आले." ती थांबली. "घरात वास होता."

"कसला?"

"जळाल्यासारखा. ते म्हणाले, दूध उतू गेलं. सगळ्या खिडक्या उघड्या, पंखे जोरात. डासांच्या वेळेला आम्ही खिडक्या कधी उघडत नाही, म्हणून लक्षात राहिलं." ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बोलत होती. "पण दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये होतं. सकाळी मी ठेवलं होतं तेवढंच दूध त्यात."

"तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?"

"त्यांचा चेहरा बघून नाही विचारलं. ऑफिसातलं काही असेल वाटलं. तेव्हापासून जेवण नीट नाही, झोप नाही. साहेब, त्या पोराला तुम्ही घेऊन गेलात तेव्हा हे गॅलरीत उभे होते. मी म्हटलं, खाली जाऊन त्याच्या आईशी दोन शब्द बोला. तर आत जाऊन दार लावून बसले."

एवढे माझ्या दृष्टीने पुरेसे होते. पण जळका वास आणि दुधाचे पातेले यांवर कोणाला खोटारडा ठरवता येत नाही. मी फिर्यादीला ठाण्यात बोलावले. निरोप असा दिला की उद्या पथक पुण्याच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार आहे, वस्तू ओळखायची कशी ते समजावून सांगायला या.

माणसाला कोंडीत पकडायचे असेल तर त्याला त्याच्या आवडीच्या गोष्टीवर बोलू द्यावे, हे मी एका वरिष्ठांकडून शिकलो होतो. आवाज चढवला की माणूस कवाडे लावून घेतो. मी समोर कोरा कागद घेतला आणि म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही. पहिल्यापासून सांगा. हेच कार्ड का निवडलं?"

सुरुवातीला तो अडखळला. मग हळूहळू त्याच्या आवाजात जीव आला. त्याने दोन कार्डांतला फरक सांगितला. मित्राला हवे होते ते कार्ड शांत होते, पण पहिल्या दिवशी जेवढे चालेल तेवढेच शेवटपर्यंत चालणारे. याच्या कार्डात दम होता. कारखान्याने त्याला मुद्दाम आवरून धरले आहे, नीट थंड ठेवले तर ते कितीतरी पुढे जाईल, असे तो म्हणाला. वीज किती लागेल, त्यासाठी कोणता पॉवर सप्लाय घ्यावा, पडद्याचा आकार केवढा असेल तर इतके भारी कार्ड घेण्यात अर्थ आहे, हे सगळे त्याने विचार करून ठेवलेले होते. ऐकताना माझ्या लक्षात आले की हा माणूस निवड करण्यात पटाईत होता. आणि त्या निवडीवर त्याने मित्रांमधली आपली सगळी पत लावली होती.

"लांबीला केवढं?"

"बरंच लांब. साध्या कॅबिनेटमध्ये बसत नाही. मध्ये हार्ड डिस्कचा कप्पा येतो, तो कापावा लागतो."

मी लिहून घेतले. हे त्याने वाचलेलेही असू शकत होते.

"आवाज येतो?"

"सुरू केल्यावर क्षणभर पंखा पूर्ण वेगाने फिरतो, मग शांत होतो."

हेही वाचलेले असू शकत होते.

"बाजारात त्याच जातीची दोन कार्डं समोर आली, तर तुमचं कोणतं हे आमच्या माणसानं ओळखायचं कसं?"

"आमच्या कार्डाचा पंखा किंचित घासतो," तो पटकन म्हणाला. "मंद वेगावर असला की टिकटिक येते. कान लावला तरच ऐकू येते. वेग वाढवला की जाते."

मी पेन खाली ठेवले.

"डबा तर उघडलाच नव्हता," मी म्हणालो.

बाहेर वायरलेसवर कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होते. हवालदार दारात आले होते, मी हाताने त्यांना थांबवले.

"पाणी देता का?" फिर्यादी म्हणाला.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने सगळे सांगितले. शनिवारपर्यंत त्याला धीर धरवला नाही. नुसते बसवून बघू, परत डब्यात ठेवू, असे स्वतःला सांगून त्याने रजा घेतली आणि डबा उघडला. कार्ड सुरू झाले, त्याने म्हटले होते तसेच चालले. मग तो वेग एकेक टप्पा वाढवत गेला. पडद्यावर रंगीत ठिपके आले तेव्हा थांबायला हवे होते, हे त्याला ठाऊक होते. त्याने विजेचा दाब वाढवला. ठिपके गेले. त्याने आणखी वाढवला. पडदा काळा झाला आणि वास आला.

"मित्राला का नाही सांगितलं?"

"सांगणारच होतो. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, कार्ड नीट आहे ना म्हणून. माझ्या तोंडून निघालं, कपाटात नाहीये. तो लगेच म्हणाला, चोरी झाली? मी काहीच बोललो नाही. तो म्हणाला, मी येतो, आपण पोलिसांत जाऊ."

"घरमालकाच्या मुलाचं नाव तुम्ही घेतलंत?"

"नाही. मी कधीच नाही घेतलं."

"तो नाही, असं म्हणालात?"

त्याने रिकामा पेला टेबलावर बाजूला सरकवला.

"कार्ड कुठं आहे?"

"ऑफिसच्या लॉकरमध्ये. टॉवेलमध्ये गुंडाळून. डबा टाकून दिला. कार्डही फेकायला दोनदा निघालो. फेकवलं नाही."

पंचांसमक्ष ते जप्त केले. वीतभरापेक्षा लांब, वजनदार वस्तू. एका कोपऱ्यात बोटाएवढा काळा डाग होता. ओळख पटवायला मित्राला बोलावले होते. त्याने कार्ड हातात घेतले, उलटसुलट केले, डागावर अंगठा फिरवला. मला वाटले, तो आता फिर्यादीच्या अंगावर जाईल. तो एवढेच म्हणाला, "मला फोन करून सांगितलं असतंस तर मी शिव्या दिल्या असत्या रे. दुसरं काय केलं असतं?" आणि कार्ड टेबलावर ठेवून बाहेर गेला.

कायद्याचे काम कायद्याने झाले. गुन्हा खोटा असल्याबद्दल न्यायालयात ब समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली आणि लोकसेवकाला खोटी माहिती दिल्याबद्दल कलम १८२ प्रमाणे फिर्यादीवर कारवाईचा अहवाल दिला. पुढे न्यायालयाने त्याला दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवले.

पण त्याआधी एक गोष्ट घडली, तिला कोणतेही कलम नव्हते. घरमालक मला भेटायला आला. मला वाटले, अब्रूनुकसानीचे विचारणार.

"साहेब, कोरटाचं तुमचं तुमी बघा," तो म्हणाला. "त्यानं फकस्त एक करावं. रिह्याला जाऊन माझ्या व्याह्याच्या दारात उभं ऱ्हावं, अन् ह्ये सगळं त्याच्या तोंडानं सांगावं. माझ्या तोंडानं सांगून उपेग न्हाई. बाप काय, पोराचीच बाजू घ्येनार."

मी त्याला सांगितले की असा हुकूम मला देता येत नाही. निरोप तेवढा पोहोचवीन. मी तो पोहोचवला. फिर्यादीने विचारले, "तुम्ही याल?" बंदोबस्त म्हणून मी साध्या कपड्यांत गेलो. गावात राग होता आणि मला नवा गुन्हा नको होता.

रिह्यात तेव्हा भाताची झोडणी चालू होती. मुलीचा बाप खळ्यावर होता, भावकीतली दहा-बारा माणसे होती, आत्या पेंढीवर बसली होती. फिर्यादी बायकोला घेऊन आला होता. तो खळ्याच्या कडेला उभा राहिला. कोणी त्याला बसा म्हटले नाही. झोडणी थांबली.

त्याने सांगितले. काही लपवले नाही. वस्तू माझ्या हातून जळाली, मी ती लपवली, मित्राला खोटे बोललो, पोलिसांना खोटे बोललो, तुमच्या जावयावर आळ आला तेव्हा मी वरून बघत होतो आणि गप्प राहिलो.

मुलीचा बाप कमरेवर हात ठेवून ऐकत होता. "आसं काय व्हतं त्ये?" त्याने विचारले. "सोनं व्हतं?"

"नाही. कॉम्प्युटरचा भाग होता."

"त्यानं काय व्हतं?"

माझ्यासमोर ज्या कार्डावर हा माणूस न थांबता बोलला होता, त्याला आता शब्द सापडेनात. "चित्रं दिसतात," तो म्हणाला. "खेळातली. जास्त चांगली."

कोणी हसले नाही. आत्याच तेवढी बोलली. "चित्रांपायी व्हय," ती म्हणाली, आणि पेंढीवरून उठून फिर्यादीच्या बायकोला पाणी आणून दिले.

मुलीच्या बापाने झोडायची पेंढी पुन्हा हातात घेतली. "तारीख हाय तीच ऱ्हाईल," तो घरमालकाच्या बाजूने आलेल्या माणसाला म्हणाला. पोरगी ढाब्यावर गेली होती, तो विषय त्याने काढला नाही. आत्याने तो आधीच मिटवला होता.

लग्न ठरल्या तारखेला झाले. मला पत्रिका होती. बंदोबस्तामुळे जाता आले नाही. फिर्यादीला घरमालकाने घर सोडायला सांगितले नाही. पण काही महिन्यांनी ती दोघे स्वतःच सोडून गेली. टीमचे, मित्राचे पुढे काय झाले, हे मी विचारले नाही. आमच्या कामात प्रकरण संपले की माणसेही संपतात, तसा नियमच असतो.

या प्रकरणात माझ्या टेबलासमोरच्या एकाच खुर्चीवर दोन तरुण येऊन गप्प बसले. एकाने आपल्या होणाऱ्या बायकोचे नाव वाचावे म्हणून आळ स्वतःवर घेतला. दुसऱ्याने स्वतःची लाज झाकायला आळ दुसऱ्यावर जाऊ दिला. दोघांनीही नजर चुकवली, दोघांच्याही हातांची बोटे एकमेकांत अडकलेली होती. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांत काडीचा फरक दिसला नसता आणि मलाही दिसला नाही. हवालदार तर मुरलेले होते, त्यांनी छातीठोकपणे चुकीचा माणूस निवडला.

नंतर नवीन भरती झालेले अधिकारी मला विचारायचे, चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखायचा कसा. मी त्यांना सांगायचो की माणूस गप्प बसला म्हणजे त्याला काहीतरी झाकायचे आहे, एवढेच त्यातून कळते. काय झाकायचे आहे आणि कोणासाठी, हे त्याच्या चेहऱ्यावर नसते. ते शोधायला उठावे लागते, ढाब्यावर माणूस पाठवावा लागतो, आणि घरातल्या बाईला विचारावे लागते की त्या संध्याकाळी वास कसला येत होता.